उंबरठ्याच्या आत आणि बाहेर : आत्मकथनांतील संगोपनाचा तौलनिक विचार

मुलांना वाढविण्याच्या क्रियेसाठी मराठीत प्रामुख्याने तीन शब्द वापरले जातात आणि त्यांची अर्थक्षेत्रे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. ‘संगोपन’ हा शब्द राखण्याचा, जपण्याचा आहे. ‘संस्कार’ हा घडविण्याचा, शुद्ध करण्याचा; धर्मविधीच्या परिभाषेतून तो घरात आला आणि पुढे विधीपासून सुटून नीतीला चिकटला. ‘पालकत्व’ हा शब्द त्या मानाने रूक्ष, कचेरीतला; शाळेच्या अर्जावरील ‘पालकाची सही’ या रकान्याची त्याला सोबत आहे. आई-वडिलांच्या वर्तनाने मुलाचे आयुष्य कसे घडते, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुतांशी ‘संस्कार’ या एकाच शब्दाच्या आश्रयाने होत आली. साहित्यसमीक्षाही याला अपवाद नाही. प्रस्तुत विवेचनात काही भारतीय व युरोपीय आत्मकथनपर ग्रंथ शेजारी ठेवून या शब्दाची व्याप्ती तपासली आहे. विशेषतः तो शब्द कोणाला उपलब्ध होता आणि कोणाला नव्हता, हे पाहण्याचा उद्देश आहे.

मानसशास्त्राने या प्रश्नाला दिलेले उत्तर सर्वपरिचित आहे. डायना बॉमरिंड यांनी 1966-67च्या सुमारास हुकूमशाही, अधिकारयुक्त पण संवादी, आणि मोकळीक देणारे असे पालकांचे तीन प्रकार कल्पिले. 1983मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी त्यात दुर्लक्ष करणाऱ्या पालकांची भर घालून चौकट पूर्ण केली. या चौकटीची मोहिनी अशी की कादंबरीतील वा आत्मचरित्रातील कोणताही बाप चार खणांपैकी एकात बसविता येतो. परंतु 1994 साली रुथ चाओ यांनी चिनी कुटुंबांच्या संदर्भात दाखवून दिले, की ज्या कडकपणाची नोंद ‘हुकूमशाही’ म्हणून होते त्याला त्या संस्कृतीत काळजी व शिकवण यांचा अर्थ असतो. म्हणजे मोजपट्टीच एका विशिष्ट मध्यमवर्गाच्या घरात तयार झालेली आहे. हा आक्षेप समीक्षकाला अधिकच लागू आहे. मानसशास्त्रज्ञ निदान मूल आणि पालक दोघांकडे पाहू शकतो. आत्मकथनाच्या वाचकापुढे पालक येतो तो मुलाने लिहिलेला, बहुधा मृत्यूनंतर आणि एका हेतूने. तेथे ‘पद्धत’ सापडत नाही. सापडतो तो तिचा अर्थ लावण्याचा एका प्रौढ मुलाचा खटाटोप.

मराठीत या खटाटोपाचे सर्वांत प्रभावी उदाहरण ‘श्यामची आई’ हेच होय. साने गुरुजींनी 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ते लिहिले. 1935मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुस्तकाची लोकप्रियता इतकी प्रचंड, की त्याची रचना फारशी कोणी न्याहाळत नाही. आश्रमातल्या मित्रांना श्याम रात्रीमागून रात्री आईच्या आठवणी सांगतो. कीर्तन-प्रवचनाशी नाते सांगणारा हा साचा आहे. त्यामुळे आईची प्रत्येक कृती सांगितली जाते त्याच क्षणी ती दृष्टान्तही होते. पाय मातीने मळू नये म्हणून श्याम हट्टाने आईला दगडावर ओचे पसरायला लावतो, आणि पायाला जपतोस तसा मनालाही जप असे ती सांगते. येथे घटना आणि बोध यांत फटच उरत नाही. मूल काय शिकले, हे मुलानेच श्रोत्यांना सांगून टाकलेले असते.

तरीही या पुस्तकातील आई केवळ वत्सल आहे असे म्हणणाऱ्यांनी पोहण्याचे प्रकरण पुन्हा वाचावे. पाण्याला भिऊन दडून बसलेल्या श्यामला ती बाहेर ओढून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठविते. मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ आहे. बॉमरिंडच्या चौकटीत ती एका प्रसंगात एका खणात, तर दुसऱ्या प्रसंगात दुसऱ्या खणात जाऊन बसेल. मात्र या माराचा अर्थ लावण्यात श्यामला कोठेही अडचण पडत नाही, कारण मारणारा हात आणि मायेचा हात एकाच घरातले, एकाच नीतीने बांधलेले आहेत, आणि त्या नीतीला बाहेरचे जग मान्यता देते. घर कर्जात बुडते, सावकाराचा माणूस दारात येतो, अब्रू जाते. परंतु त्या घराला अब्रू होती हे त्या माणसालाही ठाऊक असते. वडिलांची भूमिका कडेची असली तरी ती सूक्ष्म आहे. आई मीठ घालायला विसरलेली भाजी ते न बोलता खातात आणि मुलेही त्यांच्यामागोमाग तीच भाजी मुकाट खातात. उपदेशाच्या या ग्रंथात मुलांना सर्वांत मोठा धडा मौनातून मिळतो, ही गोष्ट तिच्या सांगणाऱ्याच्याही पुरेशी लक्षात आलेली दिसत नाही.

या आईच्या नीतीचा उंबरठा कोठे आहे, हेही पुस्तक प्रामाणिकपणे सांगते. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री मोळी पडलेल्या एका महार म्हातारीची कथा येते. तिला हात लावायला कोणी धजत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठविते. परत आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. करुणा आणि विटाळ एकाच वाक्यात नांदतात. 1933 साली, अस्पृश्यतानिवारणाची चळवळ देशभर चालू असताना, गुरुजींनी हा प्रसंग निवडणे स्वाभाविक होते, आणि 1946-47मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी प्राण पणाला लावणारा माणूस कोठून आला याची खूणही त्यात दिसते. पण तौलनिक वाचनाचा प्रश्न वेगळा आहे : ती म्हातारी घरी गेल्यावर आपल्या नातवंडांना त्या दिवसाविषयी काय सांगत असेल? तो संस्कार कोणत्या पुस्तकात नोंदला गेला? मराठीला या प्रश्नाचे उत्तर मिळायला 1970नंतरच्या दलित आत्मकथनांची वाट पाहावी लागली.

त्याकडे वळण्यापूर्वी दोन परभाषिक बिंदू नोंदविणे आवश्यक आहे. रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृती’त (1912) आई-वडील दूर आहेत, मूल नोकरांच्या राज्यात वाढते. एक नोकर खोलीत खडूने वर्तुळ आखतो आणि मुलाला त्याबाहेर पाऊल न टाकण्याची धमकी देतो. (या नोकराचे नाव श्याम असावे हा निव्वळ योगायोग, पण मराठी वाचकाला तो टोचल्यावाचून राहत नाही.) पुढे 1873मध्ये मौंजीनंतर वडील देवेंद्रनाथ त्याला हिमालयात डलहौसीला नेतात, किमती घड्याळाला किल्ली देण्याचे काम सोपवितात, पैशांचा छोटा हिशेब ठेवायला देतात आणि डोंगरात एकट्याने हिंडू देतात. आखलेले वर्तुळ आणि सोपविलेले घड्याळ ही दोन चिन्हे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. विश्वास टाकणे ही संगोपनाची एक पद्धत असेल, तर ती पद्धत परवडण्यासाठी घड्याळ मोडले तरी चालेल इतकी ऐपत लागते.

दुसरा बिंदू युरोपीय पित्याचा. एडमंड गॉस यांचे ‘फादर अँड सन’ 1907मध्ये आधी लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाले. प्राणिशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस आणि त्यांची पत्नी एमिली हे प्लिमथ ब्रेदरेन या कडव्या पंथाचे. घरात कल्पित गोष्टींना बंदी, कारण कल्पित म्हणजे असत्य. मूर्तिपूजा केल्यास देव खरोखर कोपतो काय, हे पाहण्यासाठी लहानगा एडमंड एका खुर्चीची प्रार्थना करतो. काहीच घडत नाही. तिथपासून मुलाच्या मनात बापाला न दिसणारी एक जागा तयार होते. गॉस यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य म्हणजे वडिलांवरचे प्रेम त्यांनी कोठेही नाकारलेले नाही. वेगळ्या काळात जन्मलेल्या दोन प्रकृतींची फारकत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. काफ्काला हा समतोल साधला नाही, किंवा त्याला तो साधायचाच नव्हता. 1919च्या नोव्हेंबरात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने वडिलांना जे प्रदीर्घ पत्र लिहिले ते त्यांच्या हाती कधी पडले नाही. ते 1952मध्ये छापून जगाच्या हाती आले. रात्री पाणी मागत कुरकुरणाऱ्या मुलाला बाप उचलून बाहेरच्या गॅलरीत नेतो आणि दार लावून घेतो. शिक्षा काही मिनिटांची. परंतु आपण या माणसाच्या लेखी काहीच नाही ही जाणीव जन्मभराची. जेवणाच्या टेबलावरचे नियम मुलांना आणि ते मोडण्याचा अधिकार बापाला. हर्मान काफ्का खेड्यातल्या गरिबीतून प्रागमध्ये येऊन दुकान उभे करणारा ज्यू व्यापारी होता, ही गोष्ट काफ्काच्या वाचकांनी पुष्कळदा केवळ तळटीपेत ढकलली आहे. स्वतः काफ्काने तसे केलेले नाही. पत्राच्या शेवटी तो बापाच्या तोंडी एक सविस्तर प्रत्युत्तर घालतो आणि आपल्यावरच खटला भरतो. बापाला बोलू देणारी ही युक्ती आत्मकथनाच्या इतिहासात विरळा आहे.

श्याम, रवी, एडमंड आणि फ्रान्झ यांच्या कथनांत एवढी भिन्नता असूनही एक समान गृहीत आहे. मुलाचे भवितव्य घराच्या आत ठरते. आई मायाळू की कठोर, बाप जवळ की दूर, या प्रश्नांना त्यामुळेच तेथे वजन येते. काफ्काला गॅलरीत कोंडणारा त्याचा बाप आहे. गावाने त्याला बाहेर उभे केलेले नाही. सुधीर कक्कर यांनी 1978मध्ये ‘द इनर वर्ल्ड’मध्ये हिंदू मुलाच्या मनोघडणीचे जे चित्र रेखाटले, दीर्घ मातृसान्निध्य आणि त्यानंतर पुरुषांच्या जगात होणारा अकस्मात प्रवेश, तेही उंबरठ्याच्या आतलेच चित्र आहे.

ओमप्रकाश वाल्मीकि यांचे ‘जूठन’ (1997) हे गृहीत मुळापासून हलविते. हिंदीतील या आत्मकथनाचा मराठीशी संबंध केवळ तुलनेपुरता नाही : दारूगोळा कारखान्याच्या प्रशिक्षणासाठी व नोकरीसाठी लेखक अंबरनाथ आणि पुढे चंद्रपूर येथे राहिला आणि मराठी दलित साहित्याशी त्याची ओळख तेथेच झाली. मुजफ्फरनगर जिल्ह्यातील बरला गावच्या शाळेत मुख्याध्यापक कलीराम या मुलाला वर्गात बसू न देता झाडू हातात देतात. तिसऱ्या दिवशी बाप शाळेजवळून जाताना ते पाहतो, मुलाच्या हातचा झाडू हिसकावून फेकतो आणि मुख्याध्यापकाला भर आवारात द्रोणाचार्याचा वारस ठरवितो. हा प्रसंग आता पाठ्यपुस्तकी प्रसिद्धी पावला आहे, आणि प्रसिद्धीने त्याचा उत्तरार्ध झाकला गेला आहे. गर्जना केल्यानंतर हा बाप गावातील प्रतिष्ठित त्यागींच्या दारोदार जातो, मुलाला शाळेत बसू द्यावे म्हणून विनवणी करतो, टोमणे ऐकतो. अखेर प्रधानाच्या मध्यस्थीने मुलाला वर्गात जागा मिळते. पालक म्हणून त्याचे कर्तृत्व गर्जनेत अधिक की विनवणीत, याचा निर्णय ग्रंथ देत नाही. मात्र मुलाने दोन्ही पाहिले. ताठ मान आणि वाकलेली मान एकाच माणसाची, एकाच कारणासाठी.

आईचा प्रसंगही याच जातीचा. लग्नाच्या मांडवाबाहेर उष्ट्या पत्रावळींची टोपली घेऊन बसलेली आई मुलांसाठी थोडे जेवण मागते. यजमान तिला टोपलीकडे बोट दाखवून तिची पायरी दाखवितो. ती टोपली तिथेच उपडी करते आणि त्या दारी पुन्हा जात नाही. श्यामची आई मुलाला स्वाभिमान शब्दांत शिकविते, ही आई तो समोर घडवून दाखविते, असा सुटसुटीत विरोध येथे मांडण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. कारण याच आईवर, पुढे घरात अन्नाचा प्रश्न उभा राहताच, शिकणाऱ्या मुलाला मेलेल्या जनावराचे कातडे काढण्याच्या कामावर पाठविण्याची वेळ येते, आणि याला या घाणीत ओढू नका, असे तिला विनविणारी असते ती विधवा भावजय. सहावीच्या प्रवेशासाठी आपली पाजेब काढून देणारीही तीच. येथे ‘पालक’ ही भूमिका एका व्यक्तीत सामावत नाही. एक जण झाडू हिसकावतो, एक जण दागिना देते, एक जण नाइलाजाने कातडे काढायला पाठविते. पालकांचे प्रकार पाडणारी कोणतीही चौकट या कुटुंबाला लावली तर ती कोलमडते, कारण त्यांच्या वर्तनातील बदल स्वभावातून आलेला नसून त्या दिवशी घरात काय होते यातून आलेला आहे.

मराठी आत्मकथनांत हीच गोष्ट शाळेच्या दाराशी येऊन ठेपते. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (1980) टोपल्या विणत, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणारा कैकाडी बाप मुलाला शाळेत घालण्याचा ध्यास घेतो. विरोध सवर्णांचाच असतो असे नाही. जातपंचायतीलाही हे शिक्षण नको आहे. स्थिर घरच नसलेल्या माणसाने मुलाला ‘चांगले घरचे वळण’ द्यावे, या अपेक्षेतली विसंगती ‘उपरा’ वाचताना तीव्रतेने जाणवते. ज्या बापाला स्वतःच्या धंद्याखेरीज काही शिकविता येत नाही, तो मुलाला आपल्यापासून दूर नेणाऱ्या संस्थेकडे स्वतः बोट धरून नेतो. श्यामच्या आईची यशस्विता मुलगा तिच्यासारखा होण्यात होती. या बापाची यशस्विता मुलगा त्याच्यासारखा न होण्यात आहे. संगोपनाचे ध्येयच उलटे झाल्यावर त्याच्या मोजमापाचे एकक तेच कसे राहील?

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ने (1984) याच्याही पुढचा पेच मांडला. जन्मदाता पाटील आहे आणि तो नाव द्यायला तयार नाही. आई मसामाय आहे, आजी संतामाय आहे आणि आजीसोबत राहणारा महमूद दस्तगीर जमादार आहे. या वृद्ध मुसलमानाचे मुलाशी रक्ताचे, जातीचे वा धर्माचे नाते नाही. तरीही त्याला खांद्यावर घेऊन वाढविणारा तोच. शाळेच्या नोंदीत मात्र बापाचे नाव हवे असते. ‘पालकाची सही’ या रकान्याचा उल्लेख आरंभी केला तो याचसाठी. जो पाळतो त्याला कागद ओळखत नाही आणि कागद ज्याला ओळखू पाहतो तो पाळत नाही. मराठी समीक्षेने ‘अक्करमाशी’तील अनौरसतेच्या वेदनेची भरपूर चर्चा केली, दस्तगीरकडे तिने दिलेले लक्ष त्या मानाने फारच थोडे. सबंध मराठी आत्मकथनपर वाङ्मयात विनाअट पितृत्वाचे याहून स्वच्छ चित्र शोधावे लागेल.

या साऱ्यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. जो शिकला त्यानेच लिहिले. म्हणून आत्मकथनांतला दलित बाप शिक्षणवेडा दिसतो. ज्यांच्या पालकांनी विनवणी करूनही दार उघडले नाही, त्या मुलांची पुस्तके नाहीत. आक्षेप रास्त आहे, पण तो श्यामच्या आईलाही तितकाच लागू पडतो. तिच्या हातून ज्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही अशा मुलांच्या आठवणी कोण लिहिणार? शिवाय दलित आत्मकथने सरसकट पितृगौरवाची नाहीत. दया पवारांच्या ‘बलुतं’मधला (1978) गोदीत राबणारा बाप दारूत बुडतो, आणि संसार ओढावा लागतो तो आईला. पवारांनी निवेदनाची जी रचना केली आहे, तिच्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार नावाच्या शिकलेल्या माणसाला ऐकवितो. तीत संगोपनाचा परिणाम म्हणजे काय याचे अस्वस्थ करणारे उत्तर दडलेले आहे. शिक्षणाने मुलाचे दोन तुकडे केले, आणि आई-बाप त्यांतल्या एकाच तुकड्याच्या वाट्याला आले. श्यामला श्रोते मिळाले. दगडूला श्रोता म्हणून स्वतःलाच उभे करावे लागले.

मुलींच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी पालटते. वरील सर्व ग्रंथ पुत्रांचे आहेत. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (पुस्तकरूपाने 1986) वडील उदार आहेत, कमावते आहेत, समाजाला मदत करणारे आहेत, आणि तेच वडील पत्नीला घराबाहेर पडू देत नाहीत. त्यांना त्यात प्रतिष्ठा वाटते. जिला लोकांनी गावकुसाबाहेर ठेवले तिलाच नवऱ्याने उंबरठ्याच्या आत ठेवले, हे लेकीने पाहिले. बाहेरच्या जगाशी झगडणारा बाप आणि घरात वर्तुळ आखणारा बाप एकच असू शकतो, ही गोष्ट पुत्रांच्या आत्मकथनांतून इतक्या स्पष्टपणे हाती लागत नाही. ज्या ‘इज्जती’साठी वाल्मीकिंची आई टोपली उपडी करते, तीच इज्जत येथे आईला कोंडते. बेबीताईंनी स्वतःचे लेखन पुढे कित्येक वर्षे नवऱ्यापासून दडवून ठेवले. आईच्या कोंडमाऱ्याकडून लेकीने काय घेतले याचा पुरावा म्हणून एखादे सुभाषित त्यांच्या पुस्तकात सापडत नाही. पुरावा आहे तो त्या वह्या त्यांनी घरात ज्या जागी लपविल्या त्या जागेत.